छोट्या गेमना मिळणारा अभिप्राय : हौशी निर्मिती-स्पर्धांचा आढावा

ठरावीक मुदतीत, बहुधा ४८ किंवा ७२ तासांत, दिलेल्या विषयावर संगणकावर खेळता येईल असा एक छोटा खेळ तयार करायचा आणि तो इतरांपुढे खेळायला ठेवायचा, या उपक्रमाला जगभर 'गेम जॅम' म्हणतात. बहुतेक जॅममध्ये बक्षिसाची रक्कम नसते, असली तरी नाममात्र असते, आणि भाग घेणारा विद्यार्थी किंवा नोकरदार दोन रात्री जागून अखेरीस जे मिळवतो ते म्हणजे अनोळखी खेळाडूंनी त्याच्या खेळाविषयी दिलेला अभिप्राय. असे असूनही या स्पर्धांविषयी बोलताना भर राहतो तो निर्मितीच्या घाईवर, जागरणावर आणि विजेत्यांच्या यादीवर. अभिप्राय कोणी द्यावा, कशाविषयी द्यावा, गुणांत द्यावा की शब्दांत, आणि खेळ करणाऱ्याने त्याचे पुढे काय करावे, हा सारा प्रश्न बाजूला पडतो.

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळ्यासारख्या ठिकाणाहून पाहिले की या प्रश्नाचे महत्त्व अधिक जाणवते. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत फिनोलेक्स अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट अँड टेक्नॉलॉजी हे १९९६ साली सुरू झालेले, मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला गेम करण्याची साधने आज पुण्या-मुंबईतल्या विद्यार्थ्याइतकीच सहज मिळतात. गोडो हे गेम इंजिन, म्हणजे चित्र, ध्वनी, हालचाल आणि नियम एकत्र जोडून खेळ उभा करून देणारे सॉफ्टवेअर, २०१४ पासून मुक्त परवान्याखाली फुकट उपलब्ध आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. शिकवणारे व्हिडिओही हवे तेवढे मिळतात. अडते ते खेळणाऱ्या माणसापाशी. वर्गमित्र खेळतात, पण त्यांना मन राखायचे असते. घरचे कौतुक करतात. आणि गेम हाच व्यवसाय असलेली माणसे भेटायची तर पुणे, मुंबई, बंगळूरु किंवा हैदराबाद गाठावे लागते. त्यामुळे स्पर्धेतून परक्या माणसाचे जे चार शब्द येतात, त्यांवर अशा निर्मात्याचे पुढचे शिक्षण बरेचसे अवलंबून असते, आणि ते शब्द कसे येतात याची व्यवस्था स्पर्धेच्या नियमांत असते.

या व्यवस्थांचा इतिहास तीसेक वर्षांचा आहे. १९९५ साली सुरू झालेली इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन ही शब्दांवर चालणाऱ्या खेळांची, म्हणजे पडद्यावरचे वर्णन वाचून खेळाडूने सांगितलेल्या कृतीप्रमाणे पुढे सरकणाऱ्या गोष्टींची, स्पर्धा आहे. तिथे परीक्षक म्हणून कोणीही वाचक बसू शकतो, मात्र त्याने किमान पाच खेळांना गुण दिले पाहिजेत आणि दोन तासांच्या खेळावरून एक ते दहा यांमधला गुण ठरवला पाहिजे. २००२ च्या वसंतात अमेरिकेत इंडी गेम जॅम भरला आणि 'जॅम' हा शब्द रूढ झाला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जेफ हाउलंड यांनी 'लुडम डेअर' ही गेम जॅम स्पर्धा सुरू केली. जानेवारी २००९ मध्ये पहिला ग्लोबल गेम जॅम २३ देशांतील ५३ ठिकाणी एकाच शनिवार-रविवारी झाला, आणि त्याने मुद्दामच क्रमांक व बक्षिसे टाळली. भारतात स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ पासून होत आहे, ज्यात विद्यार्थ्यांचे गट ३६ तास सलग बसून सरकारी खात्यांनी व उद्योगांनी दिलेल्या समस्यांवर सॉफ्टवेअर तयार करतात. २०२१ साली केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने इतर मंत्रालयांसह घेतलेली टॉयकेथॉन ही खेळणी आणि खेळ यांचीच स्पर्धा होती. तिच्यासाठी सुमारे १ लाख २० हजार जणांनी नोंदणी केली, १७ हजारांहून अधिक कल्पना आल्या आणि त्यांतल्या १,५६७ कल्पना २२ ते २४ जून या तीन दिवसांच्या अंतिम फेरीसाठी निवडल्या गेल्या. या आकड्यांत दुसरी एक गोष्ट दडलेली आहे : निवड न झालेल्या पंधरा हजारांवर कल्पनांपैकी प्रत्येकीला सविस्तर उत्तर देणे कोणत्याही परीक्षक मंडळाला शक्य नसते. स्पर्धा जितकी मोठी, तितका एकेका सहभागीच्या वाट्याला येणारा परीक्षकाचा वेळ कमी, हे गणित टाळता येत नाही.

लुडम डेअरने या गणितावर काढलेला तोडगा म्हणजे स्पर्धकांनाच परीक्षक करणे. खेळ जमा झाल्यानंतरचे काही आठवडे सहभागींनी एकमेकांचे खेळ खेळायचे, एकूण दर्जा, मजा, नावीन्य, विषयाशी नाते, चित्रे, ध्वनी, विनोद आणि वातावरण अशा अंगांना एक ते पाच तारे द्यायचे आणि खाली शेरा लिहायचा, अशी ही पद्धत आहे. ज्याला किमान २० जणांचे गुण मिळत नाहीत त्याचा क्रमांक लागत नाही. आणि जो इतरांचे खेळ खेळून शेरे देतो त्याचा खेळ इतरांना आधी दिसतो. अभिप्राय घ्यायचा असेल तर आधी द्यावा लागतो, हे तत्त्व यामुळे केवळ सदिच्छेवर सोडलेले राहत नाही, ते यंत्रणेतच बसवलेले असते. हजारो खेळ येणाऱ्या स्पर्धेतही एखाद्या आडगावच्या मुलाचा पहिलावहिला खेळ वीस-तीस माणसे खेळून पाहतात, ही या पद्धतीची फार मोठी मिळकत आहे आणि तिला दुसरी तोड अजून सापडलेली नाही.

तिच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. ज्याचा खेळ आपण खेळलो तो उद्या आपला खेळ खेळणार आहे, हे माहीत असलेला माणूस कठोर लिहीत नाही. त्यामुळे 'चित्रे सुंदर, कल्पना छान, थोडे कठीण वाटले' अशा शेऱ्यांची रीघ लागते. शिवाय खेळणारे सगळेच खेळ करणारे असल्याने त्यांना तंत्राचे अप्रूप अधिक वाटते आणि सामान्य खेळाडूला जिथे अडखळायला होते तिथे ते सवयीने पुढे निघून जातात. गुणांबाबत तर आणखी सावध राहायला हवे. वीस जणांनी पाचपैकी गुण दिले आणि त्यांच्या मतांत साधारण एका ताऱ्याचा फरक असला, तर त्या सरासरीत नुसत्या योगायोगाने ०.२ इतकी खालीवर हालचाल होऊ शकते, म्हणजे ३.६ आणि ३.८ सरासरी असलेल्या दोन खेळांत दर्जाचा फरक आहे असे खात्रीने म्हणता येत नाही, पण मोठ्या स्पर्धेच्या यादीत तेवढ्या अंतरात कितीतरी क्रमांक सामावलेले असतात. पहिल्या स्पर्धेत मागे पडलेला विद्यार्थी 'आपल्याला हे जमणारे नाही' असा निष्कर्ष ज्या आकड्यावरून काढतो, तो आकडा एवढा भार पेलण्याच्या योग्यतेचा नसतो, हे त्याला कोणीतरी वेळेवर सांगितले पाहिजे.

सरासरी आणखी एक गोष्ट लपवते. पाच जणांनी दहापैकी प्रत्येकी ६ गुण दिले तर सरासरी ६ येते. दोघांनी २, एकाने ८ आणि दोघांनी ९ दिले तरीही सरासरी ६ च येते. पहिला खेळ सर्वांना बरा वाटलेला आहे. दुसऱ्याने काहींना पुरते जिंकले आहे आणि काहींना पुरते वैतागवले आहे. मतांतला हा पसारा मोजण्याच्या मापाला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात. इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशनमध्ये ज्या खेळाच्या गुणांचे प्रमाण विचलन सर्वाधिक, त्याला 'गोल्डन बनाना ऑफ डिस्कॉर्ड', म्हणजे मतभेदाचे सोनेरी केळे, असा वेगळा मान दिला जातो. नाव गमतीचे असले तरी त्यामागची दृष्टी गंभीर आहे : ज्या कृतीवर लोक भांडतात ती कृती बहुधा काहीतरी नवे करत असते, आणि सरासरीच्या चाळणीतून ती गळून जाऊ नये याची सोय नियमांतच केलेली आहे. आपल्याकडच्या कोणत्याही हौशी स्पर्धेने उचलावी अशी ही सोय आहे.

मराठी समाजाला हौशी कलेचे परीक्षण मुळीच नवे नाही. १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे एक केंद्र रत्नागिरीत असते आणि कोकणातल्या नाट्यसंस्था तिच्यासाठी महिनोन्‌महिने तालमी करतात. दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना स्वतंत्र पारितोषिके देण्याची पद्धत लुडम डेअरच्या अंगवार गुणांच्या कितीतरी आधीची आहे. त्याच जिल्ह्यात जाखडी या लोककलेतल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात एक शाहीर दुसऱ्याला भर सभेत सवाल टाकतो आणि त्याचे उत्तर किती पोचले हे श्रोते तिथल्या तिथे दाखवून देतात. प्रतिस्पर्ध्याने प्रतिस्पर्ध्याची पारख करण्याची ही रीत कोकणाच्या अंगवळणी पडलेली आहे. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून होते. २०२२ साली तिच्या अंतिम फेरीच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नसल्याचे सांगून तो कोणालाच दिला नाही, तेव्हा या निर्णयावर राज्यभर वाद झाला. दर्जाचा आग्रह धरणे हे परीक्षकांचे कर्तव्यच आहे असे एका बाजूचे म्हणणे होते, तर शिकत्या मुलांना असे रिकाम्या हाताने पाठवल्याने काय साधले, असे दुसऱ्या बाजूचे. त्या वादातला खरा मुद्दा करंडकाचा नसून कारणांचा होता असे म्हणावे लागेल. कारण नकार कितीही कठोर असला तरी प्रत्येक संघाला त्याच्या प्रयोगातल्या नेमक्या जागा दाखवून दिल्या गेल्या तर त्यातून पुढचे नाटक सुधारते, आणि करंडक मिळूनही कारणे मिळाली नाहीत तर पुढच्या वर्षी तोच संघ त्याच चुका अधिक आत्मविश्वासाने करतो.

नाटकाच्या आणि गेमच्या परीक्षणात एक मूलभूत फरक मात्र आहे, आणि तो लक्षात न घेता नाट्यस्पर्धेची चौकट जशीच्या तशी गेमला लावता येणार नाही. नाटकाचा परीक्षक तिसऱ्या रांगेत बसून जो प्रयोग पाहतो तोच प्रयोग बाकीचे प्रेक्षकही पाहत असतात. गेममध्ये प्रत्येक खेळाडूसमोर वेगळा प्रयोग घडतो : एक जण पहिल्या खड्ड्यात तीनदा पडून खेळ बंद करतो, दुसरा अखेरपर्यंत जातो, तिसऱ्याला डावीकडचा दरवाजा उघडतो हे कळतच नाही. म्हणून 'खेळ कसा वाटला' या प्रश्नाचे उत्तर 'खेळात काय केले' हे कळल्याशिवाय अर्धवट राहते.

रॉबिन ह्यूनिकी, मार्क लब्लाँ आणि रॉबर्ट झुबेक यांनी २००४ साली मांडलेली त्रिस्तरीय मांडणी इथे उपयोगी पडते. त्यांच्या मते गेमचे तीन थर असतात : पहिला नियम आणि कोड यांचा, दुसरा ते नियम खेळताना एकमेकांवर आदळून जे घडते त्या वर्तनाचा, आणि तिसरा खेळाडूच्या मनात उठणाऱ्या अनुभवाचा. निर्माता पहिल्या थराकडून तिसऱ्याकडे जातो, खेळाडू मात्र तिसऱ्या थरात उभा राहून बोलतो. अभिप्रायातले बहुतेक गैरसमज या अंतरातून जन्मतात. खेळाडू सांगतो तो अनुभव नेहमीच खरा असतो. त्यामागचे कारण आणि त्यावरचा उपाय म्हणून तो जे सुचवतो ते बऱ्याचदा चुकीचे असते.

हे नीट समजण्यासाठी उड्या मारत पुढे जाण्याच्या एखाद्या साध्या गेमवर जवळजवळ हमखास येणारा एक शेरा घ्यावा : 'उडीचे बटण नीट चालत नाही, कड्यावरून पडायला होते.' निर्माता कोड तपासतो, बटण चालत असते. पात्राचे पाय जमिनीला टेकलेले असतील तरच उडी घेता येईल, असा नियम त्याने लिहिलेला असतो आणि तो बिनचूक असतो. पण पडद्यावरचे चित्र, म्हणजे चौकट, सेकंदाला ६० वेळा बदलते, आणि कड्याच्या अगदी टोकाशी पोचून उडी मारू पाहणाऱ्या खेळाडूचे बोट बटणावर पडेपर्यंत पात्र दोन-चार चौकटी पुढे, म्हणजे हवेत, गेलेले असते. खेळाडूच्या दृष्टीने त्याने वेळेवर बटण दाबले. कोडच्या दृष्टीने उशीर झाला. यावरचा रूढ उपाय असा की कडा सुटल्यानंतरही सहाएक चौकटींपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागापुरती, उडी मान्य करायची. या सवलतीला गेमच्या धंद्यात 'कोयोटी टाइम' म्हणतात आणि 'सेलेस्ट' या २०१८ सालच्या गाजलेल्या गेममध्ये ती मुद्दाम ठेवलेली आहे. तो गेमही २०१५ साली चार दिवसांत केलेल्या एका छोट्या खेळातून वाढलेला आहे. ज्याने 'बटण चालत नाही' असे लिहिले त्याने निदान चुकवले होते, तरी त्याच्या शेऱ्याइतकी मोलाची गोष्ट त्या निर्मात्याला दुसऱ्या कोणाकडून मिळाली नसती. आणि 'खेळाडूलाच खेळता येत नाही' म्हणून ज्याने तो शेरा झटकला असता, त्याचा गेम कायमचा अडखळता राहिला असता.

चांगल्या शेऱ्याची ओळख यावरून ठरवता येते. 'मजा आली नाही' यापेक्षा 'दुसऱ्या लेव्हलमध्ये किल्ली घेतल्यावर कुठे जायचे ते कळले नाही, दोन मिनिटे फिरलो आणि सोडून दिले' हे वाक्य शंभरपटींनी उपयोगी आहे, कारण त्यात जागा आहे, कृती आहे, वेळ आहे आणि खेळ कुठे सुटला ते आहे. याउलट 'यात बंदुका हव्या होत्या', 'हा खेळ अनेकांनी मिळून खेळता आला पाहिजे' असे शेरे खेळाडूच्या मनातला दुसराच खेळ मागत असतात. समोरच्या खेळाविषयी ते जवळजवळ काहीच सांगत नाहीत. जाणकार परीक्षकांकडूनही हा दोष घडतो, किंबहुना त्यांच्याकडून अधिक घडतो, कारण त्यांच्यापाशी तयार कल्पनांचा साठा मोठा असतो आणि नवख्या निर्मात्यावर त्यांच्या शब्दाचे वजनही.

लिहिलेल्या शेऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे समोर बसवून खेळ खेळू देणे आणि पाहणे. याला प्ले-टेस्ट म्हणतात. खेळणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचे आणि निर्मात्याने तोंड मिटून टिपणे घ्यायची, एवढीच ती पद्धत आहे, आणि तिच्यातला कठीण भाग दुसरा आहे. आपण दोन रात्री जागून केलेल्या खेळात समोरचा माणूस चुकीच्या दिशेला जात असताना 'उजवीकडे, उजवीकडे' असे न म्हणता गप्प बसणे भल्याभल्यांना जमत नाही. पण स्पर्धेतला अनोळखी खेळाडू जेव्हा गेम उघडेल तेव्हा निर्माता त्याच्या शेजारी नसणार, हे लक्षात घेतले की त्या गप्प बसण्याचे मोल कळते. किती माणसे बसवावीत याबद्दल जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे : एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात असे धरले तर पाच जणांकडून सुमारे ८५ टक्के उघड होतात. हा हिशेब संकेतस्थळे आणि कामाची सॉफ्टवेअरे यांच्या वापराविषयी आहे, त्यामुळे खेळाडू कुठे अडकतो हे शोधण्यापुरता तो गेमला लागू करता येईल. खेळ रंजक आहे की नाही हे पाच माणसांवरून ठरवता येणार नाही.

प्ले-टेस्टमध्ये सर्वांत आधी दिसते ती ही गोष्ट की पडद्यावर लिहिलेल्या सूचना कोणी वाचत नाही. 'सुपर मारिओ ब्रदर्स' या १९८५ च्या गेमची पहिली लेव्हल अजूनही अभ्यासली जाते ती याचमुळे. एकही वाक्य न लिहिता, पहिला शत्रू कुठे ठेवायचा आणि डोक्यावरचा ठोकळा कुठे, एवढ्या मांडणीतून ती खेळाडूला चालणे, उडी आणि धोका शिकवते. हौशी स्पर्धेतल्या खेळाला हे आणखी लागू आहे, कारण रांगेतले तीसएक खेळ एका बैठकीत पाहणारा परीक्षक पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात खेळ कळला नाही तर पुढच्याकडे वळतो. जॅममधल्या खेळाचा शेवट दहातल्या दोघांनीही पाहिला नसेल असे गृहीत धरूनच पहिली तीस सेकंदे रचावीत, असा सल्ला अनुभवी मंडळी देतात तो त्यामुळेच.

मराठी निर्मात्यांच्या बाबतीत अभिप्रायाची एक उणीव अशी आहे की तिच्याकडे जागतिक स्पर्धांचे लक्ष जाणे शक्यच नाही. संगणकाला देवनागरी दाखवताना अक्षरे नुसती ओळीने मांडून चालत नाही; जोडाक्षरे जुळवावी लागतात आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणावी लागते. गोडो इंजिनात ही सोय मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून मिळाली. त्याआधीच्या आवृत्त्यांत 'मिरजोळे' लिहिले की म ची वेलांटी म नंतर, म्हणजे र च्या डोक्यावर, जाऊन बसे आणि शब्द 'मरिजोळे' असा वाचला जाई. 'रत्नागिरी'त तर त आणि न यांच्यामध्ये हलन्ताचा पाय लोंबकळत राही आणि शेवटच्या र ला पुढून-मागून दोन्ही वेलांट्या चिकटल्यासारख्या दिसत. ब्राझीलमधल्या किंवा पोलंडमधल्या परीक्षकाला ही सगळी सुबक नक्षीच वाटणार; अशा मोडक्या अक्षरांच्या गेमला 'चित्रे' या सदरात चार तारेही पडू शकतात. मराठी वाचणारा पहिला खेळाडू भेटेपर्यंत ही चूक चूक म्हणून कोणाला दिसतच नाही.

कळफलकाचेही तसेच आहे. पात्र हलवण्यासाठी डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळा वापरण्याचा प्रघात आहे. ज्याच्या संगणकावर मराठी इनस्क्रिप्ट कळफलक चालू आहे त्याने त्याच कळा दाबल्या तर अनुक्रमे ै, ो, े आणि हलन्त ही चिन्हे उमटतात. आणि गेमने दाबलेल्या कळेची जागा न पाहता उमटलेले अक्षर पाहिले असेल तर पात्र जागचे हलत नाही. फ्रेंच कळफलकाची मांडणी वेगळी असल्याने फ्रान्समधल्या खेळाडूंची हीच तक्रार जॅममध्ये वर्षानुवर्षे येत राहिली, तेव्हा कुठे अनेक निर्मात्यांना कळेची जागा पाहण्याची सवय लागली. मराठी कळफलक वापरणारा खेळाडू तक्रार करण्याइतका त्या वर्तुळात नाही, म्हणून त्याची अडचण नोंदलीच जात नाही. शिवाय कोकणातल्या बहुसंख्य घरांत खेळ खेळला जातो तो मोबाइलवर. केवळ कळफलकावर चालणारा खेळ इथल्या शेजाऱ्याला दाखवायलासुद्धा उपयोगाचा नसतो, ही गोष्ट लॅपटॉपवर बसून एकमेकांना गुण देणाऱ्या निर्मात्यांच्या वर्तुळात कोणी सहसा बोलून दाखवत नाही.

स्पर्धा संपल्यानंतरचा टप्पा अभिप्रायाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. काही दिवसांत केलेल्या खेळांतून पुढे मोठ्या कृती झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत : २०१३ च्या एका सात दिवसांच्या जॅममधून 'सुपरहॉट', २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममधून 'बाबा इज यू', डिसेंबर २०१८ च्या लुडम डेअरमधल्या एका छोट्या पत्त्यांच्या खेळातून २०२१ चा 'इन्स्क्रिप्शन'. या सर्वांत मूळचा छोटा खेळ लोकांनी खेळला आणि त्यांना त्यातली एक गोष्ट भावली. 'सुपरहॉट'मध्ये ती म्हणजे खेळाडू हलला तरच वेळ पुढे सरकतो हा नियम. निर्मात्यांनी त्या गोष्टीला धक्का न लावता बाकीचे सगळे पुन्हा बांधले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा जॅममधला खेळ नव्हे, पण शेऱ्यांनंतर काय करता येते याचे ते महाराष्ट्रातले चांगले उदाहरण आहे : २०२० साली तो आला तेव्हा चित्रांची आणि भारतीय वातावरणाची वाहवा झाली आणि लढाईच्या भागाविषयी नाराजीही व्यक्त झाली, आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत लढाईवर पुन्हा काम झालेले दिसते, जोडीला हिंदी आवाजही आले.

हौशी निर्माता मात्र निकाल लागला की खेळ तिथेच सोडतो, कारण स्पर्धा तिथे संपते. मिळालेल्या वीस शेऱ्यांतले परस्परविरोधी कोणते, एकाच जागेकडे बोट दाखवणारे कोणते, हे वर्गीकरण करायला त्याला कोणी शिकवलेले नसते आणि ते केल्याचे श्रेयही कुठे मिळत नाही. तिघांनी तीन वेगळे उपाय सुचवले, पण तिघेही त्याच एका पुलाविषयी बोलत आहेत, तर पूल नक्की बिघडलेला आहे आणि तिन्ही उपाय बाजूला ठेवून चौथा शोधायला हरकत नाही, इतका साधा नियमही पहिल्या दोन-तीन स्पर्धांत लक्षात येत नाही.

म्हणून जिल्हा पातळीवर अशी स्पर्धा घ्यायची झाल्यास तिला दोन फेऱ्या असाव्यात, हे सुचवणे आवश्यक वाटते : पहिल्या फेरीत खेळ जमा व्हावेत, ते समोर बसवून खेळवले जावेत आणि कोणालाही गुण न देता फक्त लेखी शेरे द्यावेत; मग पंधरा दिवसांची मुदत देऊन सुधारलेला खेळ आणि कोणता शेरा का स्वीकारला व कोणता का नाकारला याचे एक पानभर टिपण मागवावे, आणि दुसऱ्या फेरीचे गुण या दोन्हींवर द्यावेत. हॅकेथॉनच्या ३६ तासांत मधल्या मार्गदर्शन-फेऱ्या असतातच, पण त्या काम चालू असताना होतात. पूर्ण झालेला खेळ परक्याच्या हातात गेल्यावर जे कळते ते त्या फेऱ्यांत कळू शकत नाही. ग्लोबल गेम जॅमसाठी कोणत्याही संस्थेला नोंदणी करून केंद्र होता येते, त्यामुळे पहिल्या फेरीसाठी वेगळी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. खर्चाचा भाग किरकोळ आहे. कठीण आहे ते खेळणारे जमवणे, आणि ते मुद्दाम महाविद्यालयाबाहेरचे असावेत : औद्योगिक वसाहतीतले पाळी संपलेले कामगार, शाळेतली मुले, बाजारपेठेतले दुकानदार, ज्यांनी गोडोचे नाव ऐकलेले नाही आणि ज्यांना निर्मात्याचे मन राखण्याचे काही कारण नाही. त्यांच्यापैकी प्रत्येकाला मराठी कळफलक लावलेला एक संगणक आणि एक साधा मोबाइल द्यावा, शेजारी टिपणवही घेऊन एक विद्यार्थी बसवावा, आणि तो विद्यार्थी स्वतःच्या खेळाशेजारी नव्हे तर दुसऱ्या कोणाच्या तरी खेळाशेजारी बसलेला असावा, म्हणजे त्याला गप्प बसणेही जमेल आणि दिसेल ते जसेच्या तसे लिहिणेही.